आमची वाटचाल : पंचवीसच्या आतली गाडी

आबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान सोलापुरात अशोक चौकाच्या आत, यंत्रमागांच्या गल्लीत. पाळी सुटली की दारात सायकलींची रांग लागायची. पंक्चर, चेन, ब्रेकचे गुटके, एवढाच धंदा. २०१८ मध्ये मी पहिली बॅटरीवरची स्कूटर आणून उभी केली, तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पायडल मारायचं नाही म्हणजे आजारी माणसाची गाडी की रे ही." त्या वर्षी सात विकल्या. त्यातल्या दोन नातेवाइकांनी भिडेखातर घेतल्या.

२०२१ ला पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि चित्र पालटलं. मी बोर्ड रंगवून घेतला : लायसन्स नको, पासिंग नको, नंबर प्लेट नको. बोर्ड खोटा नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरलीच जात नाही. फक्त पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचा त्या मॉडेलला दाखला हवा.

गिऱ्हाईक मात्र आठवड्याभरात परत यायचं. "अण्णा, सायकलवाला पुढं निघून जातोय. काहीतरी करा." करण्यासारखं होतं आणि मला ते येत होतं. सीटखाली कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला वीज किती जायची ते ठरवणाऱ्या डबीतून, दोन पांढऱ्या वायरी निघतात, टोकाला छोटं प्लास्टिकचं कनेक्टर. जोडलेलं असलं की वेग बांधलेला, उपटलं की मोकळा. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. पंचवीसची गाडी चाळीसच्या वर जाते. मी किती गाड्यांच्या वायरी सोडल्या ते वहीत लिहिलेलं नाही, पण खूप. पैसे कधी घेतले नाहीत, आणि त्यामुळं आपण काही चुकीचं करतोय असं वाटलंही नाही.

मग नववीतला एक पोरगा वळणावर फळांच्या हातगाडीवर जाऊन आदळला. त्याचं मनगट मोडलं, हातगाडीवाल्याचा पाय सोलवटला, डाळिंबं रस्ताभर झाली. भरपाईचा विषय निघाला तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं. वायर जोडलेली होती तोवर ही गाडी कायद्याच्या लेखी सायकलच. वायर सुटली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, लायसन्स मिळायचं वय न झालेल्या पोराच्या हातातलं. ते करणारा मी. पोराच्या वडलांनी निम्मे दिले, निम्मे मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे २०२२ मध्ये, वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध राज्यभर आरटीओची मोहीम निघाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ मध्ये असा फेरफार करून विकणाऱ्याला गाडीमागं एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ते कलम मी तोवर वाचलंच नव्हतं. त्या रात्री दुकानातल्या सगळ्या गाड्यांच्या पांढऱ्या वायरी सोल्डर केल्या आणि वरून इपॉक्सी, म्हणजे दगडासारखं घट्ट होणारं चिकट रसायन, ओतलं. पलीकडचा दुकानदार दोस्त बघून म्हणाला, "काय करलालास बे? धंदा बुडवायचाय का?" बुडला नाही, पण निम्म्यावर आला. गिऱ्हाइकं त्याच्याकडं गेली. त्याच्याकडं वायर अजूनही उपटून मिळते.

माझा राग इथंच आहे. नियम कागदावर ठीक आहे, पण तो तपासतात फक्त कारखान्याच्या टोकाला. चाचणीला गेलेली गाडी आणि माझ्या दुकानात उतरलेली गाडी यांत एका कनेक्टरचा फरक. एका पुरवठादारानं तर मला दुसऱ्याच मॉडेलचा दाखला पाठवला होता. मोटरचा नंबर पडताळला म्हणून कळलं. चीननं नव्या मानकात वेगाची मर्यादा सहज काढता येऊ नये अशी अट घातली, १ सप्टेंबर २०२५ पासून तिकडं ते लागू आहे. वायरच नको, मर्यादा कंट्रोलरच्या आतच हवी. आपल्याकडं एवढी एक अट आली तरी माझं इपॉक्सी वाचेल.

दुसरी अडचण मधल्या पायरीची. पंचवीसच्या वर गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स, सगळं सरळ मोटारसायकलसारखंच. युरोपात पायडलला साथ देणारी सायकल २५० वॉट आणि पंचवीसपर्यंत सायकलच मानतात, त्यावर पंचेचाळीसपर्यंत मोपेडचा वेगळा वर्ग आहे, त्याला विमा आणि नंबर. आमच्याकडं ज्याला पस्तीसनं जायचंय तो काय करणार? वायर उपटणार.

२५० वॉटबद्दल मात्र उगाच ओरड होते. तो आकडा मोटरनं सलग तीस मिनिटं द्यायच्या ताकदीचा आहे. चढावर दोन मिनिटं ती जास्त खेचू शकते. रेल्वे पुलावर चाळीस किलोचा चादरींचा गठ्ठा घेऊन गाडी दमते ती बहुतेक वेळा बॅटरीमुळं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, त्यात लेड-अॅसिडच्या चार बॅटऱ्या उन्हात उभ्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची ताकद निम्मी राहते.  गठ्ठे वाहणाऱ्या गाडीचा जोर वेग न वाढवताही वाढवता येतो.

आगीचं वेगळं सांगतो. २०२२ मध्ये गाड्या पेटल्यावर नोंदणीच्या गाड्यांच्या बॅटरीची चाचणी कडक झाली, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. पण बॅटरी कुठं चार्ज करतात ते बघायला कुणी येत नाही. आमच्या भागात ती मागाच्या शेडमध्ये, भिंतीवर सुताचा भुगा चिकटलाय तिथंच, रात्रभर लावतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये एकदा जाऊन प्लगची जागा बघून येतो. काही जण हसतात. एकानं जागा बदलली नाही, त्याला लिथियमची गाडी दिली नाही.

आज दुकानात चार मॉडेल आहेत, त्यातली दोन पायडलची. गाडी कुठूनही घेतलेली असो, आणा. स्टँडवर चाक मोकळं फिरतं तेव्हा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर वेग मोजून देतो, पैसे घेत नाही. वायर सुटलेली निघाली तर तुमच्यासमोर जोडतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत दुपारनंतर दुकान बंद असतं.