उन्हाळ्यात कुत्रा डाफरतो, तेव्हा आधी थर्मामीटर

एप्रिल उजाडला की कुत्रा पाळणाऱ्या घरांतून एकाच छापाच्या तक्रारी सुरू होतात. एरवी गरीब असलेला कुत्रा अंगाला हात लावला की गुरगुरतो, हाक मारली तर कान हलवतो पण उठत नाही, ताटलीकडे पाठ फिरवतो, रात्री दोन वाजता घरभर फेऱ्या मारतो, अंगणात खड्डे करतो. 'हल्ली फार हट्टी झालाय' असा निकाल लागतो आणि ट्रेनरचा नंबर शोधला जातो. यातल्या बहुतेक वेळा ट्रेनरचं काही काम नसतं. कुत्र्याचं अंग तापलेलं असतं आणि ते निववण्यात त्याची सगळी ताकद खर्ची पडत असते.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि त्यांचा थंडाव्यासाठी फारसा उपयोग नाही. सगळी मदार धापांवर. आरामात पडलेला कुत्रा मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतो, धापा टाकताना तो आकडा तीनशेच्या पुढे जाऊ शकतो. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडून जातो आणि तिथलं रक्त थंड होतं. हवेत आधीच दमटपणा असेल तर ओलावा उडत नाही, नुसतीच मेहनत होते. म्हणून मुंबई-रत्नागिरीचा ३४ अंशांचा चिकट मे महिना आकड्यावरून वाटतो तितका सौम्य नसतो. विदर्भात उलट गत. हवा कोरडी असल्याने धापा लागू पडतात, पण शरीरातलं पाणी भराभर संपतं, आणि ४५ अंशांची हवा कुत्र्याच्या अंगापेक्षाच गरम असल्याने पंखा नुसता गरम वारा मारत राहतो.

आता दुपारी तीनचं दृश्य बघा. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, ओलसर फरशीवर कुत्रा पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडलेला. पोटाला आणि जांघेत केस विरळ, त्यामुळे तिथून उष्णता फरशीत उतरते. ती जागा त्याने घरभर फिरून शोधलेली असते. तेवढ्यात शाळेला सुट्टी लागलेलं पोर येऊन त्याच्या गळ्यात पडतं. कुत्रा आधी तोंड फिरवतो, मग ओठ चाटतो, मग धापा एकदम थांबवून तोंड मिटतो आणि ताठ होतो, आणि मग गुरगुरतो. घरच्यांना फक्त शेवटची पायरी दिसते. गुरगुरल्याबद्दल त्याला रागावलात तर तो पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो. दुपारी अकरा ते पाच कुत्र्याची ती जागा मुलांना बंद, एवढा एकच नियम पाळला तरी बरीच भांडणं टळतात.

गरम दिवशी चावे वाढतात, याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या २००९ ते २०१८ या काळातल्या सुमारे ७० हजार चाव्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. अतिनील किरणं जास्त असलेल्या दिवशी चावे ११ टक्क्यांनी, गरम दिवशी ४ टक्क्यांनी आणि हवेत ओझोन हा प्रदूषक वायू जास्त असताना ३ टक्क्यांनी जास्त होते. मात्र यावरून उन्हाने कुत्रेच बिघडतात असं म्हणता येत नाही. उघडीप असली की माणसंही जास्त बाहेर पडतात, आणि उकाड्यात माणसाचं डोकं काही थंड राहत नाही.

चिडचिड उन्हाची की दुखण्याची, हे ओळखायची सोपी वेळ म्हणजे पहाट. साडेपाच वाजता, हवा निवलेली असताना कुत्रा नेहमीसारखा उड्या मारत असेल, खात असेल आणि दुपारीच तेवढा वैतागत असेल, तर उन्हाचं काम. पहाटेही मलूल असेल तर ऊन विसरा. इथेच सर्वांत जास्त फसगत होते, कारण उन्हाळ्यात गोचिडांचंही फावतं आणि त्यांच्यामुळे होणारा ताप सुरुवातीला अगदी 'उन्हाने गळालाय' असाच दिसतो. खाणं कमी, जिना चढायला नको, अंगाला हात नको. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली गोचीड शोधा. हिरड्या फिकट वाटल्या, नाकातून रक्त आलं किंवा पोटावर जांभळट ठिपके दिसले तर त्याच दिवशी रक्ततपासणी. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर घालून तापमान घ्यायला शिका. नाक गरम-गार लागण्यावरून काहीच कळत नाही.

घरातली व्यवस्था साधीच असते, चुका मात्र ठरलेल्या. खिडक्या लावून कूलर सुरू केला की थोड्याच वेळात खोली दमट होते आणि कुत्रा जास्तच धापा टाकतो; समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. दमट किनारपट्टीवर कूलरचा उपयोग जवळपास शून्य, तिथे पंखा, फरशी आणि जमलं तर एसी. फाटकाशी बांधलेल्या कुत्र्याला सकाळी आठला असलेली सावली बाराला राहत नाही, साखळी आणि स्टीलचं भांडं दोन्ही तापतात. पाणी मातीच्या कुंड्यात, सावलीत, दोन ठिकाणी ठेवा. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर हा साधा हिशेब, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला सव्वा लिटरपर्यंत. उन्हाळ्यात ते याहून बरंच जास्त लागतं.

फिरायला साडेसहाच्या आत, संध्याकाळी सातनंतर. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. नाही ठेववली तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ धग सोडतं. फिरणं कमी झालं की कुत्र्याचं डोकं रिकामं राहतं आणि चपला कुरतडल्या जातात, तेव्हा घरातच वास शोधायचे खेळ द्या: गोणपाटाच्या घड्यांत खाऊ लपवणं वगैरे.

चावरा झाला म्हणून तोंडाला घट्ट कापडी मुसकं बांधणं हा उन्हाळ्यातला सर्वांत धोकादायक उपाय. तोंड बंद म्हणजे धापा बंद. मुसकं लागणारच असेल तर टोपलीसारखं जाळीचं, ज्यात जीभ पूर्ण बाहेर येते आणि पाणीही पिता येतं.

पामेरियन, हस्की, गोल्डन यांचे केस मुळापासून भादरू नका. आतली लोकर विंचरून काढा, वरचे केस उन्हापासून राखतात. पग, बुलडॉग, शिट्झू यांचा श्वासमार्गच आखूड आणि चिंचोळा, त्यांच्यासाठी ३० अंशसुद्धा दुपारी जास्त. असे कुत्रे आपल्या हवेत हौसेपोटी आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कारवानीसारखा सडपातळ, आखूड केसांचा कुत्रा हेच ऊन कितीतरी बरं सोसतो.

खाणं भल्या सकाळी आणि रात्री द्या. बिनमिठाचं पातळ ताक, बिया काढलेलं कलिंगड चालतं. द्राक्षं, कांदा, लसूण अजिबात नको. आणि आंब्याची कोय कचऱ्याच्या झाकणबंद डब्यातच गेली पाहिजे. ती आतड्यात अडकते, ओकाऱ्या सुरू होतात, आणि 'ऊन लागलं' म्हणून एकदोन दिवस वाया गेले की ऑपरेशनही कठीण होतं.

ऊन खरोखर लागलं तर वागणं टप्प्याटप्प्याने बदलतं. आधी बेचैनी, जीभ टोकाला रुंद होऊन लोंबते, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक. मग हाकेला प्रतिसाद नाही, चाल झोकांड्या खाणारी, ओकारी, रक्ताचे जुलाब, झटके. तापमान ४१ च्या आसपास गेलं की एकेक मिनिट मोलाचं. आधी थंड करा, मग दवाखाना. नळीने किंवा बादलीने साधं पाणी पोटावर, जांघांत, केसांच्या मुळापर्यंत घाला आणि वारा द्या. तरुण, धडधाकट कुत्र्याला डोकं वर धरून पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. इथे त्यांचा उपयोग नाही, विषबाधा मात्र होते. तापमान ३९.५ पर्यंत उतरलं की पाणी घालणं थांबवा. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान काही तासांनी उघड होतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल 'उन्हाने पिसाळतात' हा समज अजून गेलेला नाही. पिसाळणं म्हणजे रेबीज, तो विषाणूमुळे होतो, उन्हाने नाही. उन्हात भांडणं होतात ती सावली आणि पाण्यावरून, म्हणून पाण्याची कुंडी एकाच ठिकाणी न ठेवता दहा-पंधरा मीटर अंतरावर दोन-तीन ठेवा आणि रोज घासून पाणी बदला, म्हणजे डासही होत नाहीत. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, खाली कुणीतरी झोपलेलं असतं. चावा मात्र कुठल्याही ऋतूतला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, चुना-मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.