मोराच्या पोटातले टोके

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडहून एका काकूंचा फोन आला. "घरात टोके झालेत. दोनदा औषध मारून झालं. तुम्ही या, बघा, पण फवारू नका." पंचवीस वर्षं पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात आहे, फवारू नका म्हणणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. दुसऱ्याच दिवशी गेलो.

स्वयंपाकघरात अजून औषधाचा वास होता. आधी जे कोणी येऊन गेले, त्यांनी ट्रॉल्या, कपाटं, डब्यांच्या फळ्या सगळं ओलं करून दिलं होतं. धान्याच्या डब्यांपाशी फवारा मारायचा हा प्रकार मला मुळीच पटत नाही. वाढणारा किडा दाण्याच्या आत बसलेला असतो. औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, घरच्यांच्या पोटात मात्र जाऊ शकतं.

काकूंनी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत सात-आठ किडे धरून ठेवले होते. हेही फार थोडी माणसं करतात. बाकी ठिकाणी चिरडलेला काळा ठिपका दाखवून "हाच तो" म्हणतात. मी भिंग काढलं. सोंड नाही, म्हणजे गव्हा-तांदळातला सोंड्या नव्हे. रव्या-मैद्यातला पोरकिडा लांबट आणि चपटा असतो. हा बुटका, पाठीशी फुगीर, तपकिरी, तीन-चार मिलिमीटरचा. पंख अपुरे, मागचा भाग उघडाच. एकाच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी होत्या, तो नर. कडधान्यातला भुंगा. आपल्याकडे सगळ्यांनाच टोके म्हणून मोकळं होतात, पण रव्यात जाळी झाली असेल तर चवळीचा डबा उपसून उपयोग काय? ज्याचा किडा, त्याचा डबा शोधायचा.

तिसऱ्याच डब्यात मटकी निघाली. झाकण सैल. ताटात ओतली तर अर्ध्या दाण्यांना गोल भोकं, सुईने पाडावीत इतकी नीटस. बाकीच्या दाण्यांवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके. काकूंना भिंगातून दाखवले. मादी अंडं दाण्याच्या सालीवर चिकटवते. अळी अंड्याच्या बुडातूनच थेट दाण्यात शिरते आणि पोखरलेला भुगा मागे टरफलात लोटते, म्हणून ते पांढरं दिसतं. आत ती खात खात सालीपर्यंत येते आणि तिथे फक्त साल शिल्लक ठेवते, गोल खिडकीसारखी. भुंगा ती टोपणासारखी ढकलून बाहेर येतो. पावसाळी हवेत हे सगळं महिन्याभरात उरकतं.

"शी!" म्हणून काकूंनी पुन्हा भिंग मागितलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. धान्यात ठेवायच्या गोळ्या कुठून तरी मिळतात असं ऐकलं होतं त्याने. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. इथे मी जरा चढ्या आवाजातच बोललो. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही सोडत नाही. गोदामात, ताडपत्रीखाली, जाणकार माणसाने वापरायची चीज ती. घरात ठेवायला कायद्यानेही परवानगी नाही. पोराने मान डोलावली, पण मी जाताना पुन्हा एकदा बजावलं.

मटकी टाकून दिली. मूग, चवळी, हरभरे पिशव्यांत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये, मग घट्ट झाकणाच्या बरण्यांत. ऊन दाखवलं की टोके पळतात, पण दाण्यातली अळी बऱ्याचदा तशीच राहते, आणि जुलैत पुण्यात ऊन आणायचं तरी कुठून? चोर सापडला म्हणून मी खुशीत होतो. फी घेतली आणि निघालो.

श्रावणात पुन्हा फोन. "तुमची फी वाया गेली हो."

गेलो. बरण्या एकेक करून उघडल्या. मूग स्वच्छ, चवळी स्वच्छ, मसूर स्वच्छ. तुरीच्या डाळीला तर काकूंनी एरंडेलाचा हातही लावला होता. माळ्यावर, गॅसच्या मागे, ट्रॉल्यांच्या खाचांत, कुठे काही नाही. मला घाम फुटला. काकू म्हणाल्या, "बसा, चहा घ्या," पण तो स्वर चहाचा नव्हता.

हॉलमध्ये बसलो. बशीशेजारी टप्पकन एक भुंगा पडला. पाय दुमडून मेल्याचं सोंग, मग हळूच चालायला लागला. मी खिडकीपाशी गेलो. सरकत्या काचेच्या खाचेत मेलेल्या भुंग्यांची रांग. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र एकही नव्हता.

"काकू, त्या बरणीतले किडे कुठे धरले होते?"

"इथेच की. देवापुढच्या निरांजनातसुद्धा पडतात मेले."

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. पोरांना कामाला ठेवतो तेव्हा मीच त्यांना शिकवतो. हा भुंगा बाहेर आला की धान्य खात नाही. दहा-बारा दिवस जगतो, जोडा जमवतो, मादी शंभरापर्यंत अंडी घालते, संपलं. हॉलमध्ये रोज ताजे भुंगे दिसतात म्हणजे त्यांचं धान्यही हॉलमध्येच असणार. मटकीत शिरले ते इथून उडून गेलेले.

"हॉलमध्ये कडधान्य आहे का कुठे?"

"हॉलमध्ये कोण ठेवेल कडधान्य?" काकू म्हणाल्या.

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या सूनबाईंनी मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग काकूंनी पाहिलं. मग मी.

भिंतीवर मोर होता. मे महिन्यात लग्न झालं, तेव्हा रुखवतात आलेला. सूनबाईंच्या आजीने हाताने केलेला, दीड फुटी, काचेच्या चौकटीत. गळा मसुराचा, चोच तांदळाची, पिसाऱ्यातले डोळे चवळीचे, आणि पोट सगळं अख्ख्या हिरव्या मुगाचं. काचेच्या आत तळाशी पिठासारखा भुगा साचला होता. भिंग लावलं, तर मोराच्या पोटातल्या बहुतेक मुगांना भोकं. एका मुगाच्या भोकातून मिशा बाहेर आलेल्या, निघायच्या तयारीत. चौकट उतरवून पालथी केली. मागच्या पुठ्ठ्याच्या कडेने खडखडत पंधरा-वीस भुंगे फरशीवर.

कोणी काही बोलेना. काकूंनी दोन महिने मार्केट यार्डातल्या भुसाराच्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. "टाकून द्यायचा का?" तिने मला विचारलं, बघत होती सासूकडे.

"टाकायचा कशाला?" काकूंनीच उत्तर दिलं. "यांना विचारू की, मोर फ्रीजरमध्ये ठेवता येतो का."

ठेवता येतो, पण घरच्या फ्रीजरमध्ये मावेना. खालच्या डेअरीत आइस्क्रीमचा आडवा डीप फ्रीज होता. मालक म्हणाला, "किडे? माझ्या कुल्फीशेजारी?" मोराला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं टेपने बंद केली, तेव्हा कसाबसा तयार झाला. चार दिवसांनी पिशवी काढली, पण उघडली नाही. आतला गारठा जाईपर्यंत एक दिवस तशीच ठेवायला सांगितली, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं आणि बुरशी येते. ते मोराला परवडलं नसतं.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. यावेळी फी घेणार नव्हतो, कुतूहल होतं. ब्रशने झाडल्यावर मोराचं पोट जवळजवळ रिकामं झालं. सूनबाईंनी आजींना व्हिडिओ कॉल लावला आणि मोर दाखवला. मी पुढे होऊन समजावू लागलो, नवे मूग आधी भाजून घ्या, म्हणजे सालीवरचं अंडं, आतली अळी मरेल.

"भाजले की हिरवा रंग जातो," आजी म्हणाल्या. "आणि अख्खे मूग पुन्हा लावूच नको. सालाची डाळ लाव, हिरवी बाजू वर करून. डाळीला तो सहसा लागत नाही. मी तुझ्या आईला म्हटलं होतं डाळ आण, तिने मूग आणले."

खरंच आहे ते. अख्ख्या दाण्यात वाढतो, फोडलेल्या डाळीत त्याचं फारसं जमत नाही. मी मान हलवली.

"आणि हे कोण गं?" आजींनी विचारलं. "किती घेतात एवढ्याचे?"

काकूंनी फोन हातात घेऊन आकडा सांगितला.