आईबाबा पुन्हा एकत्र येणारी गोष्ट

शाळेच्या ग्रंथालयात मुले माझ्याकडे बहुधा भुतांच्या नाही तर हेरांच्या गोष्टी मागतात. त्या दिवशी मात्र पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीची गर्दी ओसरेपर्यंत कपाटाशी रेंगाळली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आईबाबा वेगळे होतात आणि शेवटी परत एकत्र येतात, अशी गोष्ट आहे का?" घरी काय चालले आहे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तशी गोष्ट माझ्याकडे होती. जर्मन लेखक एरिख केस्टनर यांच्या १९४९ सालच्या कादंबरीत जुळ्या बहिणी आपसांत घरांची अदलाबदल करतात आणि विभक्त आईवडिलांना पुन्हा एकत्र आणतात. ही कादंबरी मला मनापासून आवडते. पण ज्या मुलाचे घर आत्ता मोडते आहे, त्याला तीतून नकळत असेही वाटू शकते की, पुरेशी युक्ती लढवली तर आईबाबा परत येतील आणि आले नाहीत, तर आपणच कुठेतरी कमी पडलो. म्हणून मी तिच्यासमोर दोन पुस्तके ठेवली आणि दोन्हींचे शेवट तिला आधीच सांगून टाकले. एरवी मी तसे कधीच करत नाही, पण अशा वेळी मुलाला अंधारात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे पुस्तक होते अमेरिकी लेखिका बेव्हर्ली क्लिअरी यांचे, १९८३ साली प्रसिद्ध झालेले आणि पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक हा बालसाहित्याचा अमेरिकी पुरस्कार मिळवलेले 'डिअर मिस्टर हेनशॉ'. त्यातला ली एका लेखकाला पत्रे लिहितो आणि पुढे रोजनिशी लिहू लागतो; त्याचे ट्रकचालक वडील फोन करतो असे सांगूनही करत नाहीत. आईवडील शेवटपर्यंत एकत्र येत नाहीत. तिने दोन्ही पुस्तके नेली.

परत आली तेव्हा क्लिअरींच्या पुस्तकात एका पानावर वहीच्या कागदाची चिठ्ठी घातलेली होती. ली स्वतःहून वडिलांना फोन लावतो आणि बोलता बोलता पलीकडून दुसऱ्याच एका मुलाचा आवाज येतो, पिझ्झा आणायला कधी जायचे म्हणून विचारणारा, तेच ते पान. त्या प्रसंगाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला शेवटाबद्दल विचारायचे होते: बाबा कुत्रा ठेवून घे म्हणत असताना लीने तो त्यांनाच का दिला? मी म्हटले, "तुला काय वाटतं?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "बाबा ट्रकमध्ये एकटे असतात म्हणून." आणि मग, "म्हणजे लीने काहीही केलं असतं तरी ते एकत्र आले नसते ना?"

मी "नाही" म्हटले. वास्तववादी बालकथेचे मोल मला त्या प्रश्नात दिसले: लीच्या निमित्ताने तिला तो मोठ्याने विचारता आला, स्वतःचे नाव मध्ये न आणता.

त्यानंतर अशा पुस्तकांसाठी 'घटस्फोट' अशी पाटी लावून वेगळा कप्पा करावा, असे एका शिक्षिकेने सुचवले. सूचना चांगल्या हेतूची होती, पण त्या कप्प्यासमोर वर्गमित्रांच्या देखत कोणते मूल उभे राहील? ती पुस्तके मी इतर कादंबऱ्यांमध्येच, लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने ठेवली आहेत.