दुसरी कंपनी का नाही धरली?

"हातात एवढं कसब आहे, अंबड एमआयडीसीत कुठेही घेतील. दुसरी कंपनी का नाही धरली?" लग्नात भेटलात तरी हेच, दशक्रियेला भेटलात तरी हेच. आपुलकीने विचारता, मला कळतं. पण दर वेळी अर्धवट उत्तर देऊन घरी येतो आणि रात्रभर स्वतःशीच बोलत बसतो. म्हणून एकदाच नीट सांगतो.

नाशिकच्या सातपूरमधली आमची कंपनी कशी गुंडाळली ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे "बरेच मिळाले की" असंही तुम्ही म्हणता. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षामागे 15 दिवसांचा पगार, तोही महिना 26 दिवसांचा धरून. सिडकोतल्या घराचं राहिलेलं कर्ज त्यातून फिटलं. पेन्शन पूर्ण हवी तर वयाची 58 वर्षं पूर्ण व्हायला हवीत. 50 नंतर आधी सुरू करता येते, पण जितकी वर्षं आधी तितके 4-4 टक्के कापतात, आणि ते कायमचे. म्हणून हात लावला नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड गेलं, हिच्या गोळ्या आता मेडिकलमधून येतात.

मी टूलरूमला होतो, म्हणजे डाय, साचे बनवायचं काम. डायच्या एका अर्ध्याला ब्लू, म्हणजे निळा रंग, लावायचा, दोन्ही अर्धे जुळवायचे, उघडून बघायचं. निळा डाग जिथे उठला तिथे स्टोनने घासायचं, पुन्हा जुळवायचं. डाग सगळीकडे सारखा पडेपर्यंत जेवायची शुद्ध नसायची. हे काम म्हणजेच मी, असं तेव्हा वाटायचं. तसं वाटून घेणं चूक होतं, असं आज मला कुणी शिकवू नये.

थोरलीला बघायला नाशिकरोडहून मंडळी आली होती. मुलाचे वडील तिथल्या सरकारी प्रेसमधून, छापखान्यातून, निवृत्त झालेले. प्रेसचा माणूस म्हटल्यावर आपल्याकडे वेगळं काही सांगावं लागत नाही. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं. मग त्यांनी सहज विचारलं, "आपण कुठे असता?" मी तोंड उघडायच्या आत ही आतून म्हणाली, "सातपूरला, कंपनीत." तेव्हा कंपनीच्या गेटला कुलूप लागून दिवाळी उलटली होती. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "कुठल्या शिफ्टला?" मी म्हणालो, "जनरल." चहाचा ट्रे हातात घेऊन पोरगी उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबांची कंपनी बंद झालीय. ते घरी असतात." कुणी काही बोललं नाही. मुलाच्या आईने साखर थोडी जास्त झाल्याचं सांगितलं. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, चांगला घट्ट. निरोप काही आला नाही. त्याच कारणाने आला नाही असं मी म्हणत नाही, पत्रिकाही असेल.

त्या रात्री ही म्हणाली, "अहो, लग्न जमेपर्यंत कुठेही लागा. सांगायला तरी होईल." मी अंबडला गेलो. ठेकेदाराच्या हजेरीवर, बारा तास, हेल्पर. टूलरूमचं विचारलं तर म्हणाले, "काका, डाय आता बाहेरूनच बनून येतात." नाही म्हणून आलो. कमीपणा वाटला म्हणून नव्हे, असं मी सगळ्यांना सांगतो. वाटला होता, थोडा नव्हे, चांगलाच. पण नुसता तेवढाच असता तर मी तो गिळला असता. पोरांच्या फीसाठी याहून वाईट गिळलंय. चारचौघांत सांगायला होईल म्हणून बारा तास उभं राहायचं, हे मात्र जमेना. आणि ज्या पोरीने सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तिच्याच नावाने ते करायचं?

आता एका मित्राच्या शेडमध्ये पंच-डाय दुरुस्त करतो. काम आलं तर पैसे, नाही आलं तर नाही. ही म्हणते, माझ्या ताठ्याची किंमत घराने मोजली. हेल्परच्या पगारात धाकट्याचा क्लास निघाला असता, हा तिचा हिशेब बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी उद्या कुणी तीच हजेरी पुन्हा देऊ केली तर मी काय करेन ते मला ठाऊक आहे. ते तिलाही ठाऊक आहे, म्हणून आमचं भांडण मिटत नाही.

तेव्हा मला खुशाल विचारा. फक्त तिच्यादेखत विचारू नका. तुमच्यासमोर ती माझी बाजू घेते, आणि मग दोन दिवस घरात बोलत नाही.