घटांगच्या चढावर पेटलेला लाल दिवा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि धाकट्या भावासह अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालो, तेव्हा जाताना घटांगमार्गे चढायचे आणि येताना धामणगाव गढीच्या बाजूने उतरायचे, असे ठरवले होते. परतवाड्यापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर अकरा वर्षांच्या आमच्या पेट्रोल गाडीने विनातक्रार कापले. घाट लागल्यावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावून चढताना समोर तेलाच्या किटलीचे चिन्ह असलेला लाल दिवा पेटला.

गाडी कडेला घेऊन मी इंजिन ताबडतोब बंद केले आणि दहा मिनिटांनी सपाट जागेवर तेल मोजायची पट्टी पुसून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली, म्हणजे अगदी योग्य पातळीवर होते आणि गाडीखाली एक थेंबही पडलेला नव्हता. एव्हाना जवळ येऊन थांबलेल्या एका दुचाकीस्वाराने निदान करून टाकले, "ऑइल त् बरोबर हाय भाऊ, सेन्सरच गेला असन. चालू द्या." वीस मिनिटांनी इंजिन सुरू केल्यावर दिवा विझलेला पाहून मलाही ते पटले. माझी चूक झाली ती इथेच. जेमतेम दोन किलोमीटरनंतर दिवा पुन्हा पेटला आणि या वेळी इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक असा आवाजही येऊ लागला.

लाल दिवा तेलाची पातळी सांगत नाही, तो दाब सांगतो, हे प्रत्येक चालकाने पक्के ध्यानात ठेवावे. बहुतेक गाड्यांत हा दिवा लावणारा स्विच दाब साधारण अर्ध्या किलोच्या (म्हणजे चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो) आसपास किंवा त्याखाली गेल्यावरच काम करतो, त्यामुळे तो पेटला याचा अर्थ इंजिनाच्या फिरत्या भागांना आधार देणाऱ्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचणे जवळजवळ थांबले आहे, असाच धरावा लागतो. पट्टीवर तेल कमी दिसले आणि ते भरल्यावर दिवा विझून विझलेलाच राहिला, तर हळूहळू पुढच्या गावापर्यंत जाता येते. पातळी योग्य असूनही दिवा पेटत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये.

एक ट्रॅक्टरवाला दोराने टोचन करून खाली न्यायला तयार होता, पण घाटाच्या उतारावर आम्ही ते नाकारले. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीनदा पाय दाबताच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. तेथे आमच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून परतवाड्याकडे जाणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे गॅरेजसाठी चिठ्ठी दिली आणि अडीच तासांनी गाडी पूर्ण उचलून नेणारे वाहन आले. सोबत पाणी भरपूर होते, म्हणून आईला त्या उन्हात फार त्रास झाला नाही.

परतवाड्याचे मिस्त्री जुन्या पद्धतीचे निघाले. त्यांनी प्रथम स्विचची वायर तपासली, मग स्विच काढून त्या जागी काट्याचे मीटर बसवले. इंजिन गरम झाल्यावर मंद गतीला काटा एका किलोवर होता. फेरे मिनिटाला ३,००० पर्यंत नेल्यावर तो वर जायला हवा होता, तो थरथरत खाली आला. मिस्त्री म्हणाले, "ऑइल हाय, पण वर चढत नाई." बेअरिंग झिजली असतील तर दिवा सहसा गरम इंजिनाच्या मंद गतीला लुकलुकतो आणि फेरे वाढताच विझतो, आमच्याकडे नेमके उलट घडत होते. पंपाला तेल ओढू देणारी जाळी तुंबली की असे होते, कारण ओढ वाढली की कचरा जाळीला घट्ट चिकटतो आणि इंजिन थांबले की सुटून खाली पडतो. घाटात वीस मिनिटांनी दिवा का विझला, याचा उलगडा तेव्हा झाला.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेल साठणारे भांडे, उतरवल्यावर जाळीवर शेवयांसारखे सिलिकॉनचे (सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावतात त्या लुकणाचे) तुकडे अडकलेले दिसले. दोन महिन्यांपूर्वी शेताच्या पांदण रस्त्यावर चेंबरला दगड लागला होता आणि चेंबर पुन्हा बसवताना एका गॅरेजमध्ये सिलिकॉनचा इतका जाड थर दिला गेला, की त्याच्या आत फुगलेल्या कडा तुटून तेलात पडत राहिल्या. जाळी व चेंबर डिझेलने धुऊन, जुना थर खरवडून, दोन-तीन मिलिमीटरचीच रेघ ओढून ते बसवले आणि सिलिकॉन रात्रभर सुकू दिले. त्याआधी एका बेअरिंगची कॅप उघडून पाहिली. बारीक ओरखडे होते, पण आतल्या थराचे तांबे उघडे पडलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी नवे तेल आणि फिल्टर घालून मोजले, तेव्हा गरम इंजिनाच्या मंद गतीला दीड किलो आणि ३,००० फेऱ्यांना साडेतीन किलो दाब मिळाला.

उन्हाळ्यात आपल्याकडे अशा वेळी जाड तेल ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने दिवा काही दिवस विझतोही, पण दोष झाकला जातो आणि तुंबलेल्या जाळीतून जाड तेल तर आणखीच अवघड जाते. घाट चढण्यापूर्वी परतवाड्यात पट्टी पाहावी, किल्ली फिरवल्यावर लाल दिवा पेटतो की नाही हेही पाहावे, कारण तो मुळात पेटतच नसेल तर इशारा मिळणारच नाही, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे एक लिटर तेल सोबत ठेवावे. दाब मोजल्याशिवाय कोणी सेन्सर किंवा पंप बदलायला सांगितले, तर आधी मीटर लावण्याचा आग्रह धरावा.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच रस्त्याने चिखलदऱ्याला पोहोचलो. पुढे ५०० किलोमीटरनंतर फिल्टर बदलून जुना कापून पाहिला. त्यात सिलिकॉनचे दोन बारीक तंतू सापडले, धातूची चमक कुठेही नव्हती.