एएफचं ॲब्लेशन: माझा अनुभव, बराचसा टीपीएच्या खिडकीवरचा

एएफ म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे वेडेवाकडे धडधडायचा आजार, आणि ॲब्लेशन हा त्यावरचा इलाज. ॲब्लेशनला किती दुखतं, हे सगळेच विचारतात, म्हणून तेवढं आधी सांगून टाकतो. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयात नेतात. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा डाव्या वरच्या कप्प्याला जिथं मिळतात, तिथं भोवतीनं डाग देतात, म्हणजे त्या शिरांमधून सुटणारा वेडावाकडा करंट कप्प्यात शिरत नाही. मला भूल होती, काही कळलं नाही. नंतर पाय सरळ ठेवून तासन्‌तास उताणं पडणं तेवढं जिवावर आलं.

माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे. ऐन पेरणीत रात्री धडधड सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, एएफ सांगितला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू केली. या आजारात वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. पुढं गोळ्या बदलूनही धडधड थांबेना, तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ॲब्लेशन सुचवलं.

मग हॉस्पिटलातल्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवरून कॅशलेसचा, म्हणजे बिल विमा कंपनीनंच परस्पर भरायचा, फॉर्म गेला आणि त्यांची क्वेरी, म्हणजे शंका, आली: एएफ दिसणारा ईसीजी जोडा.

आता माझा एएफ येऊन-जाऊन असणारा. येतो तेव्हा नाडी मोजता येत नाही, गेला की मागमूस नाही. हॉस्पिटलातला ईसीजी नॉर्मल. चोवीस तास होल्टर (सलग ईसीजी टिपणारं यंत्र) बांधलं, तेही नॉर्मल! डेस्कवरचा पोरगा म्हणाला, "काका, मला कळतंय, पण वर कागद लागतो." मी मुद्दाम जिने चढून आलो, कडक चहा घेतला. बायको म्हणाली, "अहो, लोक धडधड जावी म्हणून नवस बोलतात, अन् तुम्ही यावी म्हणून बसलात!" आली नाही.

सेलूचा मूळ ईसीजी फाइलमध्ये होता, पण तो गुळगुळीत कागद उष्णतेनं उडतो. परभणीचा उन्हाळा खाऊन त्यावर रेघच उरली नव्हती. नशीब, डॉक्टरांनी त्या रात्री त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर संभाजीनगरला पाठवला होता. तो जोडला. परत क्वेरी: पेशंटचं नाव, तारीख दिसत नाही. भाच्यानं सेलूला जाऊन फोटोच्या प्रिंटवर नाव, तारीख, सही-शिक्का घेतला. तर तिसरी क्वेरी: आजार पॉलिसीच्या आधीपासून आहे का? भरती करताना ज्युनिअर डॉक्टरनं "कधीपासून?" विचारलं, मेव्हणा बोलून गेला "लई दिवसांपासून", आणि तेच केसपेपरवर गेलं. तिथं महिना-साल सांगा, जे खरं तेच, आणि पेशंटनंच बोलावं. माझी पॉलिसी सलग पाच वर्षांच्या वरची होती. 60 महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे डेस्कवर मलाच सांगावं लागलं.

2024 च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्या असं आहे. पण क्वेरी टाकली की यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर. तोवर माझी तारीख दुसऱ्याला गेली. शेवटी बीमा भरोसा या आयआरडीएआयच्या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकतो म्हणालो, मोबाइलवर त्यांचा हेल्पलाइन नंबर 155255 लावूनही दाखवला. संध्याकाळी मंजुरी आली. आधी का नाही आली, देव जाणे.

हो, घशातून नळी घालून हृदयात गाठ आहे का बघतात, ते ॲब्लेशनच्या आधी. त्यात गाठ दिसली तर ॲब्लेशन पुढं ढकलतात, म्हणून रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका. नंतरही डॉक्टर सांगतील तोवर चालूच. पहिले दोन-तीन महिने मधूनच धडधड येते, म्हणून ॲब्लेशन फेल गेलं असं नसतं. पण पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखलं, तर गावात इंजेक्शन घेत बसू नका. जिथं ॲब्लेशन झालं तेच हॉस्पिटल गाठा आणि घशातून दुर्बीण घालायची तपासणी कुणी सुचवली तर आधी ॲब्लेशन झाल्याचं सांगा.

डिस्चार्जला अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. आम्ही जेवण करून, परत भूक लागेपर्यंत बसलो. वर ग्लोव्हज आणि फाइल चार्जेस म्हणून कापलेले पैसे आहेतच, त्याचा अर्ज टाकलाय.