चार्ज म्हणजे ओझं

चार्ज हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो बघा. फोन चार्जिंगला लाव, बँकेने हे कसले चार्जेस कापले, साहेब रजेवर आहेत त्यामुळे चार्ज दुसऱ्या मॅडमकडे आहे, आणि रात्री बातम्यांमधे लाठीचार्ज नाहीतर चार्जशीट. वरवर बघितलं तर यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध वाटत नाही पण आहे, आणि मला तो शोधताना फार मजा आली.

लॅटिनमधे कॅरस म्हणजे गाडा, त्यावरून गाड्यात माल भरणं असं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. कार आणि कार्गो पण याच घरातले. एकदा लादणं हा अर्थ धरला की बाकीचं आपोआप उलगडत जातं, म्हणजे बंदुकीत दारू ठासली की ती चार्ज झाली, माणसावर जबाबदारी टाकली की तो इन्चार्ज, पैशाचा बोजा टाकला की चार्जेस, आळ घातला तरी चार्जच! विजेकडे हा शब्द तोफखान्यातून आला असावा असं मला वाटतं, कारण १७४९ मधे बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या जोडणीला बॅटरी म्हटलं, तोफांच्या रांगेला म्हणतात तेच.

आणि गंमत म्हणजे मराठीनेही हेच ओझं उचललंय. पदभार, कार्यभार, प्रभारी अधिकारी, सरचार्जला अधिभार, शाळेच्या विज्ञानात विद्युतप्रभार, सगळीकडे भार आहेच. फक्त वीजबिलावर वेगळं दिसतं, तिथे स्थिर आकार, वहन आकार असं छापलेलं असतं, ते आकारणीतलं. ऑफिसात मात्र कार्यभार कोणी बोलत नाही, चार्ज दिला चार्ज घेतला असंच, कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरं, फायली मोजून सह्या होईपर्यंत जुना माणूस सुटत नाही, म्हणजे ओझं खरोखर हातातून हातात जातं.

कोर्टातलं जरा नीट सांगते कारण तिथे लोकांची कायम गल्लत होते. चार्जशीट पोलीस देतात, तपास संपल्यावर. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पण चार्ज ठेवतं ते कोर्ट, आरोपनिश्चिती म्हणतात ती, आणि ती नंतर होते. मधल्या काळात नुसतं चार्जशीट दाखल झालं एवढ्यावर माणसाला गुन्हेगार ठरवणं मला अजिबात पटत नाही. कागद वाचून खटला चालवण्याइतकं काही दिसलंच नाही तर कोर्ट त्याला तिथेच सोडू शकतं, आणि त्याला शब्द आहे डिस्चार्ज, बॅटरीचा आणि हॉस्पिटलचा असतो तोच, ओझं उतरवणं.